सहाव्या अनुवादकाचा स्वर्ग

कोणी काय वाचावं हे सांगण्यात सरांचा हात धरणारा शहरात कोणी नव्हता. स्वतः वाचण्याच्या बाबतीत जरा आनंदीआनंद होता, पण ते गुपित सर आणि त्यांची बायको यांच्यापुरतंच होतं, आणि बायको घरातलं बाहेर नेणाऱ्यांतली नव्हती.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. नाव झालं ते मात्र शिकवण्यामुळे नव्हे, एका लेखामुळे. एका वाङ्मयीन मासिकाच्या वार्षिक अंकात त्यांनी मध्ययुगातल्या एका अगडबंब इटालियन महाकाव्याच्या सहा इंग्रजी अनुवादांची तुलना केली होती. लेखाचं नाव ‘कोणता अनुवाद घ्यावा?’ महाकाव्य म्हणजे एका माणसाचा प्रवास. आधी नरकात उतरायचं, मग एक डोंगर चढायचा, जिथे लोक आपापली पापं घासत बसलेले असतात, आणि शेवटी स्वर्ग. असे तीन भाग. ज्यांना इटालियन येत नाही त्यांना इंग्रजीचाच आधार. सरांनाही इटालियन येत नव्हतं, पण मूळ काव्याच्या नादमाधुर्याबद्दल लिहिताना ते कुठे आड आलं नाही.

सहाही अनुवादकांना सरांनी ओळीत उभं करून झाडलं होतं. पहिला यमकांपायी जीव टाकणारा. यमक जुळावं म्हणून बिचाऱ्या पाप्याच्या गळ्यात न केलेलं पापही मारणारा. दुसरा पाद्री, त्याचं इंग्रजी सदा गुडघे टेकलेलं. तिसऱ्याने सगळं गद्यात उतरवून मोकळं व्हायचं ठरवलेलं. चौथ्याच्या पानावर वर दोन ओळी कविता आणि खाली तळटिपांचा ढिगारा. पाचवी एक कवयित्री होती. तिला ‘या बाईंची भाषा फार साधी आहे’ असं म्हणून सरांनी अर्ध्या परिच्छेदात वाटेला लावलं होतं. आणि सहावा, सरांचा लाडका. त्याच्यावर चार पानं, आणि शेवटी ते वाक्य, जे पुढे लोक सभांमधून सरांसमोरच सरांना ऐकवायचे: ‘सहाव्या अनुवादकाच्या स्वर्गात भाषा शांत होत होत शेवटी केवळ प्रकाश उरतो.’

आता अशा तुलनेची एक पद्धत असते, ती सांगायला हवी. सगळे अनुवाद टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, पहिल्या पानावर उघडायचे, आणि पहिल्या तीन ओळींवर आठ पानं लिहायची. कुणी कोणता शब्द घेतला, कुणी टाळला, कुणाचा श्वास कुठे तुटला. सगळे विद्वान हेच करतात. त्यामुळे त्या काव्याच्या पहिल्या तीन ओळी जगातल्या सर्वांत तपासलेल्या ओळी आहेत, आणि पुढच्या हजारो ओळी बापड्या रामभरोसे पडून आहेत. पुढच्या भागांबद्दल काही गुळगुळीत वाक्यं ठेवणीत असतात. स्वर्गाबद्दल ‘प्रकाश’ म्हटलं की चुकायची भीती नाही. स्वर्गात अंधार असतो असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

सर स्वतः त्या महाकाव्यात नरकाच्या दारापर्यंत जाऊन आले होते. दारावरची पाटी वाचून ते परत फिरले. अभ्यासक्रमात तेवढंच होतं, आणि तेवढ्यावर त्यांची नोकरी, लेख, व्याख्यानं आणि दोन शाली निघाल्या होत्या.

असं सगळं सुखात चाललेलं असताना सरांच्या थोरल्या बहिणीने ते महाकाव्य खरोखरच वाचायला घेतलं.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा स्वतःचं कॉलेज सोडून त्या नर्सिंगला गेल्या, आणि धाकट्याला शिकवलं. हे उपकार त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत. बोलून दाखवले असते तर सरांना निदान चिडता तरी आलं असतं. आता त्यांचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज, पाठीशी तीन उशा, खिडकीशी पलंग, पलंगाजवळ ऑक्सिजनचं नळकांडं. खिडकीतून मागच्या लॉन्ड्रीचं अंगण दिसायचं, तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी वाळत असायच्या. दिवसभर करायचं काय, म्हणून त्यांनी भावाचा लेख काढला, भावाने सांगितला तो सहावा अनुवाद मागवला, आणि भिंग घेऊन, शब्दकोश मांडीवर ठेवून, नरक आणि डोंगर असे दोन्ही भाग पार केले. कोणाला सांगितलं नाही, शाल मागितली नाही.

एका दुपारी सर नेहमीसारखे तब्येतीची चौकशी करायला गेले, तर ताईंनी दोन्ही पुस्तकं त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“नरक झाला, डोंगर झाला,” त्या म्हणाल्या. “आता स्वर्ग आण.”

सरांनी पुस्तकं उलटून पाहिली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांच्या स्वतःच्या प्रती अजून नव्यासारख्या करकरीत होत्या.

“कसं वाटलं?” त्यांनी सावधपणे विचारलं.

“नरकाची व्यवस्था चांगली आहे. कोणाला कुठे ठेवायचं ते ठरलेलं. आमच्याकडे असं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती.” ताईंनी दम घेतला. “तुला तो कोण तो, स्वतःचं डोकं हातात धरून हिंडतो, तो भाग कसा वाटतो?”

“अं... अनुवादाच्या दृष्टीने फार गुंतागुंतीचा आहे,” सर म्हणाले. डोकं हातात धरून कोणी हिंडतं ही बातमी त्यांना त्याच क्षणी कळली होती.

“असेल. तिसरा भाग मला आता वाचता यायचा नाही. भिंगातूनसुद्धा अक्षरं सरकतात. तू वाचून दाखव. रोज दुपारी ये.” त्या उशीला टेकल्या. “तू लिहिलं होतंस ना, शेवटी नुसता प्रकाश उरतो म्हणून? तेवढं ऐकायचंय मला. आणि लवकर आण. डॉक्टर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतो.”

सर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेलाच पुस्तकवाल्याकडे हजर झाले. पुस्तकवाला काउंटरवर फडकं मारत होता. सरांनी सहाव्या अनुवादकाचा तिसरा भाग मागितला, तसा त्याचा हात थांबला.

“तो भाग नाही निघाला, सर.”

“म्हणजे आवृत्ती संपली?”

“संपायला आधी निघावी लागते. त्याने दोन भाग केले आणि थांबला. पुढे त्याला त्यात राम वाटला नाही म्हणे.” पुस्तकवाला पुन्हा फडकं मारायला लागला. “गंमत बघा, कोणी कधी विचारत नाही, आणि या महिन्यात ही दुसरी चौकशी.”

माणूस कसा असतो पहा. पायाखालची जमीन सरकत असतानाही सरांना क्षणभर गुदगुल्या झाल्या, की आपला लेख लोक अजून मनावर घेतात. मग मात्र घाम फुटला. लेख छापून येऊन कित्येक वर्षं लोटली होती. एवढ्या वर्षांत एकाही वाचकाने, एकाही प्राध्यापकाने विचारलं नव्हतं की बाबा रे, हा स्वर्ग मिळतो कुठे? उलट एका विद्वानाने तर दुसऱ्या लेखात सरांचं म्हणणं खोडून काढलं होतं. त्याच्या मते सहाव्याचा स्वर्ग ‘काहीसा थंड’ होता. म्हणजे न निघालेल्या पुस्तकावर शहरात वादही होऊन गेला होता. सगळेच दारावरची पाटी वाचून परतलेले.

घरी येऊन सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही.

“मग सांगून टाका ताईंना. बाकीचे पाच जण आहेत ना? त्यांतल्या कोणाचा तरी स्वर्ग वाचा.”

“तसं नाही चालत. प्रत्येक अनुवादकाचा आवाज वेगळा असतो.”

“अहो, ताईंना तुमचा लेख नकोय, गोष्टीचा शेवट हवाय.”

“आणि काय सांगू तिला? की ज्या पुस्तकाची मी तारीफ केली ते नाहीच? माझ्या शब्दावर तिने भिंग लावून दोन भाग वाचले.”

“हेच सांगा. खरं आहे ते.”

खरं आहे हीच तर अडचण होती. मासिकाचे वाचक काय, विद्वान काय, त्यांच्यासमोर नाक कापलं गेलं असतं तर सरांनी मफलर गुंडाळून ते झाकलं असतं. पण ताईंनी आपलं शिक्षण सोडलं होतं ते हा वाचेल म्हणून, आणि यानेच वाचलं नाही, हे तिला तिच्या शेवटच्या आजारात सांगायची त्यांची छाती होईना. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि विद्वान माणसाला शोभेल असा मार्ग काढला. बाकीच्या पाचांपैकी एकाचा स्वर्ग घ्यायचा, त्याला तपकिरी कागदाचं जाड कव्हर घालायचं, आणि सहाव्याचा म्हणून वाचून दाखवायचा. ताईंच्या डोळ्यांना मुखपृष्ठ दिसणार नव्हतंच.

प्रश्न एवढाच की कोणाचा? सहाव्याच्या आवाजाशी कोणाचा आवाज जुळतो? आणि हे ठरवायचं तर आधी सहाव्याचा आवाज माहीत हवा. इथे सरांची पद्धत उघडी पडली. पहिल्या तीन ओळींवरून कोणी कसा बोलतो ते लेखात लिहिता येतं, पण ताईंनी तो आवाज दोन भागभर ऐकला होता. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा, निव्वळ लबाडी नीट करता यावी म्हणून, सर त्या महाकाव्यात पाटीच्या पलीकडे गेले.

नरक वाचताना ते हैराण झाले. एकतर ते चांगलं होतं. इतकी वर्षं ‘श्रेष्ठ’ ‘श्रेष्ठ’ म्हणत आलेली गोष्ट खरोखरच चांगली निघावी, हा त्यांना धक्काच होता. दुसरं म्हणजे, खून करणारे त्या नरकात मध्येच कुठेतरी होते, आणि थापा मारून लोकांना फसवणारे त्यांच्याही बरेच खाली. ते प्रकरण सरांनी खुर्चीत अंग चोरून वाचलं. डोकं हातात धरून हिंडणारा माणूसही भेटला. डोंगराच्या शेवटी, इतका वेळ बोट धरून आणणारा वाटाड्या एकाएकी नाहीसा होतो, तिथे ते बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसले. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली.

मग पाच स्वर्ग टेबलावर मांडले गेले. यमकवाल्याला पहिल्याच फेरीत नारळ दिला. स्वर्गातसुद्धा तो यमकामागे धावताना धापा टाकत होता. पाद्रीबुवा तर तिथे घरी आल्यासारखे पसरले होते. गद्यवाल्याचा स्वर्ग सरकारी पत्रकासारखा होता, सगळं बरोबर आणि कशात जीव नाही. तळटीपवाल्याचा मोठ्याने वाचायचा म्हणजे दर ओळीला जिना उतरून तळघरात जायचं. राहिल्या बाई. ज्यांना सरांनी अर्ध्या परिच्छेदात वाटेला लावलं होतं त्या बाईंचीच भाषा सहाव्याच्या जवळ जात होती. साधी, कमी बोलणारी. फक्त जिथे सहावा थोडा ऐटीत बोलला असता तिथे बाई ऐट करत नव्हत्या. सरांनी पेन्सिल घेतली आणि बाईंच्या ओळींच्या वर बारीक अक्षरात ऐट घालायला सुरुवात केली.

वाचन सुरू झालं. सर खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसायचे, तपकिरी कव्हरातलं पुस्तक हातात. पहिल्याच दुपारी ताई म्हणाल्या, “याचा आवाज जरा बदललाय.”

सरांनी उत्तर तयार ठेवलं होतं. “स्वर्गात बदलतोच. तो मुद्दामच तसं करतो.”

“असेल,” ताई म्हणाल्या.

रोज थोडं थोडं पुढे सरकत होतं. ताई मध्येच थांबवायच्या. स्वर्गात पायऱ्या असतात आणि खालच्या पायरीवरचे लोकही तक्रार करत नाहीत, हे ऐकून त्यांनी नाकातली नळी सरळ केली.

“म्हणजे इथेही जनरल वॉर्ड आणि स्पेशल रूम आहेच.”

“पण ते म्हणतात आम्ही आहोत तिथे सुखी आहोत.”

“राउंडच्या वेळी सगळे असंच म्हणतात. पुढे वाच.”

सरांना आधी वाटलं होतं, रोज दहा मिनिटांची पेन्सिल पुरेल. पण ताईंच्या समोर एखादी ओळ अडखळली की त्यांचे डोळे मिटलेले असूनही भुवई हलायची, आणि ती भुवई सरांना कोणत्याही संपादकापेक्षा जड जायला लागली. मग ते सकाळपासूनच बसायला लागले. बाईंची ओळ घ्यायची. अर्थाबद्दल शंका आली तर गद्यवाल्याला विचारायचं. तळटीपवाल्याच्या तळघरात उतरून खात्री करायची. एखादा जड शब्द पाद्रीबुवांकडून उसना आणायचा. यमकवाल्याकडूनही एकदा एक विशेषण मिळालं. मग सगळं पुसून स्वतःच लिहायचं आणि मोठ्याने म्हणून बघायचं. आधी घातलेली ऐट एकेक करून निघून गेली, कारण ताईंच्या खोलीत, त्या नळकांड्याच्या सुस्काऱ्याशेजारी ती बरी दिसेना. पुस्तकाची पानं पेन्सिलीने इतकी काळी झाली की खाली बाई आहेत की कोण, कळेनासं झालं.

एका संस्थेने सरांना अनुवादाच्या कलेवर बोलायला बोलावलं होतं. ते व्याख्यान सर साफ विसरले. संस्थेचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “आज जमायचं नाही, एका ओळीत अडकलोय.” बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं, नवरा आजारी वगैरे तर नाही ना म्हणून.

इकडे ताई खालावत होत्या. आधी दुपारभर ऐकायच्या, मग तासभर, मग दोन-तीन पानांत डोळे जड व्हायचे. सरांना आता दुसरीच भीती लागली. पुस्तक आधी संपतं की ताई? त्यांनी वेग वाढवला तर ताई म्हणायच्या, “पळू नकोस.” मग हळू वाचावं तर खोकला यायचा आणि वाचनच थांबायचं. लबाडी उघडी पडेल ही धास्ती केव्हा मागे पडली ते सरांच्या लक्षातही आलं नाही. ताईंना शेवट ऐकायला मिळायला हवा, एवढंच उरलं होतं.

शेवटचा सर्ग तेवढा राहिला होता, आणि त्याला पेन्सिल लावायला सरांचं मन अजून घेत नव्हतं. त्या दुपारी ताईंना जरा हुशारी वाटत होती. त्यांनी पाणी मागून घेतलं आणि म्हणाल्या, “आज नको वाचू. बस जरा.”

सर बसले.

“त्या सहाव्याचा तिसरा भाग निघालेलाच नाही ना?”

लॉन्ड्रीच्या अंगणात कोणीतरी चादर झटकत होतं. सरांनी पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं.

“तुला कधी कळलं?”

“तुझ्याकडे मागायच्या आधी. पुस्तकवाल्याला फोन केला होता मी.”

म्हणजे ती पहिली चौकशी. सरांचे कान तापले. आधी शरम वाटली, आणि शरमेच्या पाठोपाठ, सवयीने, राग आला.

“मग मागितलंस कशाला? एवढे दिवस मला नाचवलंस? मी सकाळ-सकाळ उठून...”

“ओरडू नकोस, मला दम लागतो.” ताई ओरडत नव्हत्या, रागावलेल्याही दिसत नव्हत्या. “माझ्याकडे अशा पोरी यायच्या. थर्मामीटर न लावताच चार्टवर ताप लिहायच्या. अंदाजाने. आणि बहुतेक वेळा बरोबरही यायचा, पेशंटच्या तोंडाकडे बघून कळतंच. त्यांना रागावून काही होत नाही. रागावलं की त्या जास्त नीट खोटं लिहायला शिकतात. मी त्यांना पेशंटजवळ बसवायची. दिवसभर. हात धरून. दुसरं काम नाही.”

“आणि?”

“काही सुधारायच्या. काही नोकरी सोडून जायच्या.” त्यांनी डोळे मिटले. “तुझा लेख मी तेव्हाच वाचला होता, छापून आला तेव्हा. मला तेव्हाच वाटलं होतं, याने ताप अंदाजाने लिहिलाय.”

सर तिथून उठले ते थेट घरी आले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि जेवणाचं ताट झाकून ठेवलं. सर टेबलापाशी बसून राहिले. त्यांना रडू येत होतं आणि आपल्याला रडू का येतंय ते नेमकं सांगता येत नव्हतं. पकडलो गेलो म्हणून असावं, असं ते आधी धरून चालले. पण ते तसं नव्हतं. पुस्तक जवळजवळ संपलं होतं, म्हणून येत होतं.

दुसऱ्या दिवशी सर पुस्तकवाल्याकडे गेले आणि त्या बाईंच्या अनुवादाची कोरी प्रत विकत घेतली. कव्हर घातलं नाही. ती उघडीच हातात धरून ते रस्त्याने चालत ताईंकडे गेले. येता-जाता दोघा-तिघांनी नमस्कार केला, त्यांना पुस्तकाचं नाव दिसेल असं त्यांनी मुद्दाम धरलं, पण कोणी बघितलं नाही.

ताई रात्रीतून आणखी उतरल्या होत्या. सरांची बायको आधीच येऊन बसली होती, ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत होती. सरांना बघून ती बाजूला झाली.

“ताई,” सर खुर्चीत बसत म्हणाले, “हा त्या बाईंचा अनुवाद आहे. मी त्यांच्याबद्दल अर्धा परिच्छेद लिहिला होता, तोही न वाचता. इतके दिवस मी तुला यांचंच वाचून दाखवत होतो. वर माझी खाडाखोड करून. आज शेवटचा सर्ग आहे. आज जसा आहे तसा वाचतो. एक शब्द माझा नाही.”

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. इतकं खरं ते एका दमात कधी बोलले नव्हते, आणि खरं सांगायचं तर आता थोडी शाबासकी मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती.

ताईंनी डोळे उघडले. त्या कोऱ्या पुस्तकाकडे त्यांनी पाहिलं, दिसलं तेवढं.

“नको,” त्या म्हणाल्या.

“अगं, हाच खरा आहे. छापलेला. तो दुसरा म्हणजे नुसता...”

“कालचा आण.” दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागत होतं. “खाडाखोडवाला. त्याच्याबरोबर इथवर आलेय मी. आता शेवटाला माणूस बदलू नकोस.”

सर उठले. जिन्यात त्यांना चप्पल घालायचंही सुचलं नाही. घरी जाऊन त्यांनी टेबलावरचं काळं झालेलं पुस्तक उचललं, वाटेत कोणी हाक मारली ती ऐकली नाही, आणि परत येऊन धापा टाकत खुर्चीत बसले. शेवटच्या सर्गाची पानं अजून स्वच्छ होती. त्यांच्यावर अजून काहीच काम झालं नव्हतं. त्यांनी बायकोकडे पेन्सिल मागितली, मग नको म्हणाले. ताईंचा हात हातात घेतला, आणि छापलेल्या ओळीवर नजर ठेवून, प्रत्येक ओळ ताईंसाठी जागच्या जागी बदलत, चुकत, मागे येत, पुन्हा म्हणत, ते जगात नसलेल्या त्या पुस्तकाचा शेवट वाचायला लागले.